तीनशे पानांच्या खेळाची यादी

“१४ जून, रविवार. सकाळी पडदे धुतले. चारला मंडळी आली. ४.२० ला प्रश्न निघाला : खांदा जखमी असताना भिंत चढता येते का? उत्तर ४.५१ ला सापडले. पान १८७, घोड्यांच्या प्रकरणात. घोडा कोणाकडेच नव्हता.”

फाईलबाईंनी रोजनिशी मिटली. इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये एकतीस वर्षे काढल्यामुळे हे नाव त्यांना चिकटले होते. यजमान गेले, नोकरी संपली, नाव तेवढे राहिले.

मंडळी सुनेची. सून आठवडाभर विमा कचेरीत लोकांचे अर्ज नामंजूर करी आणि रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर एक अख्खे राज्य चालवी. खेळ असा, की तिने गोष्ट सांगायची, बाकीच्या तिघांनी, म्हणजे दातांचे डॉक्टर, गणिताच्या बाई आणि वायरमन यांनी, गोष्टीतला एकेक माणूस व्हायचे, आणि जमले की फसले ते फासे टाकून ठरवायचे. नियमांचे पुस्तक तीनशे बारा पानांचे होते. त्यात सगळे होते. सापडत काही नव्हते. मुलगा रविवारी दुपारी झोपत असे. त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नव्हती.

त्या दिवशी निघताना दातांच्या डॉक्टरांनी बूट चढवता चढवता सुनेला सांगून टाकले, “वहिनी, राग मानू नका. अर्धा वेळ आपण पानंच उलटतो. अजून दोन रविवार बघू, नाहीतर सरळ पत्ते कुटू.”

“पत्त्यांचे नियम निदान पाठ तरी आहेत,” गणिताच्या बाई म्हणाल्या.

“तुम्हाला पाठ आहेत. म्हणूनच दर वेळी आम्ही हरतो,” वायरमन म्हणाला.

सून हसली. मग आत जाऊन तिने धुतलेलेच कप पुन्हा धुतले. दोन वर्षे खपून तिने त्या राज्याचे नकाशे काढले होते, नद्यांना नावे दिली होती. फाईलबाई थोडा वेळ तिच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

“ते पुस्तक आठवडाभर माझ्याकडे दे.”

“आई, तुम्हाला नाही कळायचं ते.”

“मला कुठे खेळायचंय? मला लावायचंय.”

सहा दुपारी खर्चून त्यांनी पुस्तकातल्या झाडून साऱ्या मथळ्यांची अकारविल्हे यादी केली. अकरा पाने, एकही खाडाखोड नाही. एकवीस तारखेला ती टेबलावर ठेवली आणि पाच मिनिटांत वायरमनचा माणूस छपरावरून पडला.

“पडलो तर किती लागतं?”

गणिताच्या बाईंनी ‘पडणे’ शोधले, नव्हते. ‘लागणे’ शोधले, तेही नव्हते. चाळीस मिनिटांनी ‘उंचीजन्य हानी’ सापडली. यादीत ती होतीच. ‘उ’खाली, अगदी जागच्या जागी.

“काकू, यादी सुंदर आहे हं,” डॉक्टर म्हणाले. दाढ उपटण्यापूर्वी ते रोग्याशी याच आवाजात बोलत असावेत.

आता एकच रविवार उरला. सुनेने यादी नीट घडी घालून परत दिली, हेच फाईलबाईंना जास्त लागले. सोमवारी त्या यादी पुढ्यात घेऊन बसल्या आणि त्यांना रेकॉर्ड रूमची खिडकी आठवली. तिथे कोणी कधी रोगाचे नाव घेऊन आले होते का? लोक म्हणत, “ते उंच गृहस्थ हो, शिडीवरून पडलेले.” म्हणून तर त्यांनी तिथे एक वही ठेवली होती, लोक जसे विचारतात तशी. मोठे डॉक्टर त्या वहीला हसत आणि गुपचूप मागून नेत. आणि घरी मात्र आपण पुस्तकाच्याच तोंडाने बोललो!

त्यांनी रोजनिशा काढल्या. दोन वर्षांचे रविवार, प्रत्येक प्रश्न वेळेसकट आणि विचारणाऱ्याच्या शब्दांत. एकशे त्रेचाळीस प्रश्न निघाले. ‘मेलो का?’ हा नऊ वेळा. या वेळी त्यांनी अकारविल्हे सोडले. मारामारी, चढणे-पडणे, पाणी, औषधपाणी, मरण असे ढीग केले आणि प्रत्येकासमोर पान लिहिले.

सुनेने यादी वाचली. “आई, तुम्ही आमचं सगळं ऐकत होतात?”

“मधली भिंत केवढीशी आहे?”

अठ्ठावीस तारखेला खेळ सुरळीत चालला. कोणाचेच उत्तर अर्ध्या मिनिटावर गेले नाही. पाचच्या सुमारास वायरमनच्या माणसाने पाण्याने भरलेल्या तळघरात बुडी मारली.

“श्वास किती वेळ धरता येतो?”

“पाणी, चौथी ओळ. पान दोनशे एकसष्ट,” गणिताच्या बाईंनी लगेच सांगितले.

नियम वाचला. वायरमनने पाण्याखालच्या पाळ्या बोटांवर मोजल्या, पुन्हा मोजल्या. गेली दोन वर्षे पान वेळेवर न सापडल्यामुळे सून “जाऊ दे, वाचलात” म्हणत आली होती. आज पान सापडले होते.

“म्हणजे गेलोच?”

“गेलात,” सून म्हणाली. विमा कचेरीत म्हणत असेल तशी, पण डोळे सासूकडे. तिघांतला एक उठून गेला की खेळच संपला. बातमी ऐकलेली अशी माणसे फाईलबाईंनी खिडकीशी पुष्कळदा पाहिली होती. तेव्हा आपण बोलायचे नसते, एवढे त्यांना ठाऊक होते.

“दोन वर्षं सांभाळला हो त्याला. बायकोला काय सांगू?”

“पान दोनशे एकसष्ट म्हणून सांगा,” डॉक्टर म्हणाले.

वायरमनने नाक ओढले आणि यादी स्वतःकडे खेचली. “बरं, नवा माणूस कसा बनवायचा? ते कुठाय?”

यादीत ते नव्हते. आजवर कोणी मेलेच नव्हते, तर विचारणार कोण? फाईलबाईंनी पेन उघडले, एकशे चव्वेचाळिसावा आकडा घातला आणि प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहिला. सुनेने पुस्तक उघडले. डॉक्टरांनी खिशातून फोन काढला आणि उशीर होईल म्हणून घरी कळवून टाकले.

त्या संध्याकाळी फाईलबाईंनी रोजनिशीत लिहिले : “मंडळी जेवून गेली. उद्या सकाळच्या चहाला दूध नाही.”