भिंतीकडे तोंड करून

औरंगपुऱ्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या वर आमचा वाद्यवृंद भरायचा. रविवारी सकाळी अरुंद जिना चढून गेलं की लांबट खोली, सतरंज्या आणि खालच्या रिक्षांचे हॉर्न. मुलं आठवीपासून कॉलेजच्या पहिल्या वर्षापर्यंतची. व्हायोलिनं जास्त, मग सतार, बासरी, बुलबुलतरंग, पेटी, तबला. सर आम्हाला नावानं हाक मारत नसत. जो जिथून येतो ते त्याचं नाव. मी मुकुंदवाडी. तबल्यावरचा आगाऊ मुलगा छावणी. आणि माझ्या शेजारी बसणारी, माझ्याच वयाची मुलगी, दौलताबाद.

तिच्याबद्दल सांगायचं तर पहिल्यांदा हेच सांगते की मला तिचा राग यायचा. कारण सरळ होतं. मी रोज शाळेतून आल्यावर दोन तास व्हायोलिन वाजवायचे. आई कणीक मळता मळता ओरडायची, "अगं, तेच तेच किती घासशील?" तरी घासायचे. आणि ही बाई एसटीनं उशिरा यायची, व्हायोलिनच्या खोक्याचा खटका तुटलेला म्हणून त्यावर जुनी ओढणी गुंडाळलेली, धापा टाकत बसायची आणि म्हणायची, "आठवडाभर हातच नाय लावला गं. सीताफळं लई आली, अब्बांना गाड्यावर बसायला माणूस नाय." तिच्या अब्बांचा किल्ल्याखाली फळांचा नि सरबताचा गाडा होता. एवढं बोलून ती गज उचलायची आणि अशी वाजवायची की सर डोळे मिटून घ्यायचे. माझ्या वाजवण्यावर सरांनी कधी डोळे मिटले नाहीत. ते माझ्या बोटांकडे बघायचे, चूक शोधायला.

त्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी सरांनी भूपात एक रचना बसवली होती. तिच्या मध्यावर सगळी वाद्यं थांबायची आणि एकच व्हायोलिन तबल्याबरोबर एकटं वाजायचं. आम्ही त्याला नुसतं 'तुकडा' म्हणायचो. मला तो तुकडा हवा होता. भूक लागल्यासारखा हवा होता. आणि तो दौलताबादला मिळणार हे खोलीतल्या सतरंजीलाही ठाऊक होतं.

तिची खुबी एकाच जागेत होती. पंचमावरून गंधारावर उतरताना ती बोट उचलायची नाही, घसरवायची, तेही मध्येच किंचित रेंगाळून. तव्यावर तेल पसरतं तसा तो स्वर पसरायचा. मी ती जागा पाठ करायची ठरवलं. शिकायची म्हणून नव्हे. तिच्याकडे आहे ते माझ्याकडे का नाही, एवढाच प्रश्न होता. रविवारी शेजारी बसून तिच्या डाव्या हाताकडे बघायचं आणि घरी येऊन तेच करत बसायचं. मत्सरानं माझ्याकडून जेवढा रियाज करून घेतला तेवढा सरांनी कधी घेतला नाही.

तुकडा कोणाला द्यायचा हे सर स्वतः ठरवत नसत. त्यांची पद्धत वेगळी होती. सगळ्या मुलांनी भिंतीकडे तोंड करून बसायचं. मागे इच्छुकांनी एकामागून एक वाजवायचं. ज्याला द्यावंसं वाटेल त्याचं वाजवून झालं की हात वर करायचा, आणि हात एकदाच. "डोळे लबाड असतात," सर म्हणायचे. कोण वाजवतंय हे कळू नये म्हणून बांगड्या, पैंजण, घड्याळ सगळं उतरवून ठेवायला लावायचे. दौलताबादनं आपल्या काचेच्या बांगड्या काढून माझ्याच पुढ्यात ठेवल्या. "सांभाळ गं जरा," म्हणाली. मला त्या बांगड्यांचाही हेवा वाटला, म्हणजे बघा.

आम्ही तिघं होतो. सरांनी बोटानंच क्रम दाखवला. पहिला बासरीवाला मुलगा, ज्याला हौसेनं व्हायोलिन वाजवायचं होतं. त्याचा गज किंचाळला, भिंतीकडच्या पाठी हसून हलल्या. एकही हात नाही.

दुसरी मी.

मी ठरवून काहीच केलं नाही, पण बोटांनी केलं. पंचमावरून उतरताना बोट घसरलं, मध्ये रेंगाळलं आणि गंधारावर जाऊन टेकलं. माझं वाजवून होतं न होतं तोच भिंतीसमोर हात उगवले. जवळजवळ सगळेच.

मग दौलताबादनं वाजवलं. तीच जागा, तिच्या पद्धतीनं. अर्ध्यातच छावणी भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजला, "ही मुकुंदवाडी. नक्कल करतीय बघ." खसखस पिकली. शेवटी दोन हात वर आले, तेही सतारीवाल्यांचे, त्यांचं व्हायोलिनवाल्यांशी कधीच जमायचं नाही.

"वळा," सर म्हणाले. "दुसरी कोण होती?"

"दौलताबाद!" सगळे एका सुरात. एरवी सरांना जे कधी मिळालं नाही ते.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. मग छावणी उसळला. "सर, ही चीटिंग हाय! आम्ही तिला दिलं होतं!"

"कानानं दिलं ना? मग दिलं." सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मुकुंदवाडी, तुकडा तुझा. पण उसनी साडी नेसून स्टेजवर जायचं नाही. तुझं तू बसव."

मी मान डोलावली. तुकडा परत देण्याइतकी मी थोर नव्हते, आजही नाही. दौलताबादनं बांगड्या हातात चढवत विचारलं, "माझीच जागा घेतलीस ना? तिथं तू जरा घाई करतीस बग." घाई करत होते खरी. तिनं सांगितलं म्हणून आणखी राग आला.

पुढचे रविवार मी माझं काय आहे ते शोधत बसले. फार काही सापडलं नाही. माझे स्वर सरळ, नीट, चौकोनी फरशीसारखे. शेवटी तेच बसवलं. घसरवणं काढून टाकलं, प्रत्येक स्वर स्वच्छ उचलून ठेवला. सर म्हणाले, "हां." डोळे उघडेच होते.

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलेलं होतं. सगळी वाद्यं थांबली, तबला उरला, आणि मी वाजवलं. चूक झाली नाही. टाळ्या पडल्या, पडायच्या तेवढ्या. आई विंगेत येऊन म्हणाली, "छान झालं. पण ती तुझ्या शेजारी बसते ती पोरगी नाही का गं एकटी वाजवत? तिचा हात किती मऊ आहे." आईला संगीतातलं काही कळत नाही असं मी तोपर्यंत धरून चालले होते.

मी दौलताबादला शोधायला निघाले. खरं सांगायचं तर तुकडा हवा होता तो याच घटकेसाठी. मला तिचा चेहरा बघायचा होता. इतकी वर्षं जे माझ्या पोटात जळत होतं त्याची एक ठिणगी तरी तिच्या डोळ्यांत दिसावी, मग मी सुखानं जेवले असते.

ती मागच्या दाराशी वाकली होती. "चांगलं वाजलं," माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकदम सुरात होतं. ए, माझी दुसरी चप्पल दिसली का गं? शेवटची एसटी जाईल, अब्बा बाहेर उभे हायत."

मी तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. काहीच नव्हतं. चपलेची काळजी होती, ती खरी होती. मग मीही खाली वाकले. चप्पल पेटीच्या खोक्यामागे गेली होती, ती मलाच सापडली.