नांदूरघाटचं एक शेत, दोन खड्डे

बीड जिल्ह्यातल्या नांदूरघाटहून आत्याचा फोन आला. शेतात मोसंबी लावतेय, रोपंही सांगून ठेवलीत म्हणाली. मी मृदा सर्वेक्षणाचा नकाशा उघडला, तर तिच्या शेतावर ‘उथळ, मुरमाड जमीन’. तसं सांगितल्यावर तिने फोनच ठेवला. म्हणून मी निघाले.

पुण्याहून पहाटेच्या एसटीने केज, पुढे शेअर जीप. जीप भरेपर्यंत ती हलत नाही, तेवढ्यात स्टँडसमोरची गरम भजी खाऊन घ्या.

शेतात पोचले तर पायाखाली काळीभोर माती. नकाशा चुकला, की मी भलताच गट नंबर बघितला? आत्याने वाकून मूठभर माती माझ्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बोलावल्यावरून केजहून जाधव मॅडम आल्या. त्यांची सगळी नोकरी माती सर्वेक्षणात झालेली. त्यांच्या सांगण्यावरून गड्याने वरच्या अंगाला कमरेइतका खड्डा घेतला. हातभर काळी माती, मग खाली नुसता मुरूम.

आत्या खड्ड्यात डोकावली. “तुझ्या काकांनी तलावातला गाळ टाकलता,” ती म्हणाली. “दोन उन्हाळे. ही माती त्यांचीच हाय.”

काका, म्हणजे आत्याचे यजमान, जाऊन तीन वर्षं झाली.

मग खालच्या बांधालगत दुसरा खड्डा घेतला. तिथे कमरेपर्यंत काळीच माती. मी आणखी गोंधळले; पण मला वाटलं, चला, इथे तरी मोसंबी होईल. मॅडम नाही म्हणाल्या. वर मुळांना मुरूम आडवा येईल आणि खाली पावसाचं पाणी साचून ती कुजतील. नकाशातला रंग अख्ख्या शिवाराचा असतो, एका शेतातले फरक खोदूनच कळतात, हे त्यांनी समजावलं. वर मुरमातही तग धरणारं सीताफळ, खाली पाणी साचू नये म्हणून उंच वरंब्यांवर तूर, असा त्यांचा सल्ला.

शेवटी आत्याने रोपवाटिकेला फोन करून मोसंबी नको म्हणून कळवलं. “मोसंबी तुझ्या काकांच्या मनात होती,” ती मला म्हणाली.

घरी परतल्यावरही कळेना, मी तिला मदत केली की तिच्याकडून काही काढून घेतलं. सीताफळं लावल्यावर तिचा फोन आला. वाईट वाटलं का, मी विचारलं.

“लई वाटलं,” ती म्हणाली. “पर त्यांच्या मातीत झाडं मरताना बघवलं नसतं.”