ओट्सचं धोंडस

श्रावण अर्धा सरला होता. मुलुंडच्या मागचा येऊरचा डोंगर सकाळपासून ढगात बुडालेला आणि घरात घामट, कोंदट हवा. दीप्तीने सहालाच ओट्स दुधात भिजत घातले, केळी कुस्करली, सफरचंद चिरून टाकलं, वर मूठभर मनुका. भांडं ओव्हनमध्ये ठेवून बटण फिरवलं, तर ओव्हन ढिम्म. त्याच्या आतला दिवासुद्धा लागेना.

"लागली वाट!"

तिच्या बाबांची, श्यामसुंदरांची, काविळीतून उठल्यापासून अन्नावरची वासनाच उडाली होती. पंधरा दिवसांत सहा किलो उतरले. आणखी घटले तर शनिवारी पुन्हा हॉस्पिटल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ओट्सची पेज समोर आली की बाबा म्हणायचे, "घोड्याक घाल!" निदान वडीसारखं कापून दिलं तर खातील, एवढ्या आशेवर आजचा हा घाट होता.

स्वयंपाकाला येणाऱ्या प्रेमामावशी चपला काढून ओट्यावर परत आलेल्या भांड्यात डोकावल्या. बाई कणकवलीकडची, एकवीस वर्षं मुलुंडमधल्या लोकांची पोटं सांभाळलेली.

"ह्या खालून-वरून भाजूचा ना गो? मग आमच्या काकडी-गुळाचा धोंडसच की ता!"

"ओव्हनशिवाय कसं होणार, मावशी?"

"माझ्या आयेकडे खय होतो ओव्हन?"

मावशींनी जाड बुडाचं पातेलं घेतलं, तूप फासलं आणि घरी पातोळ्या वाफवायला घेतलेलं हळदीचं पान पिशवीतून काढून तळाला अंथरलं.

"अहो, पान कशाला? रेसिपीत नाहीये!"

"पानाशिवाय गोड भाजतत?" मावशींनी असं काही बघितलं की दीप्तीने मिश्रणाचं भांडंच पुढे सरकवलं.

मिश्रण पानावर ओतून वर झाकण, पातेल्याखाली तवा, गॅस बारीक. नारळाच्या करवंटीचे तुकडे गॅसवर पेटवून मावशींनी झाकणावर रचले. धूर कोंडला तशी दीप्ती खिडक्या उघडत धावली. परत येऊन तिने मोबाइलवर पस्तीस मिनिटांचा गजर लावला.

"ता बंद कर. वाजला तर माका ऐकाक येवचा नाय."

मावशी वाकल्या. पातेल्याजवळ कान नेला, डोळे मिटले. दीप्तीला नुसती चुरचुर ऐकू येत होती.

"अजून दूध बोलता," मावशी पुटपुटल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता केळा." गॅस एका अंगाला जास्त लागतो, म्हणून पातेलं अर्धं फिरवलं. मग पुन्हा कान पातेल्याशी. "गप झाला," म्हणत त्यांनी गॅस बंद केला.

दीप्तीने कान नेला. खरंच, आत अगदी शांत होतं. दोन महिने ती केकच्या क्लासला गेली होती. तिथे वजनं शिकवली, मिनिटं शिकवली. भाजणं ऐकायचं असतं हे कुणी म्हणालं नव्हतं.

झाकण निघालं आणि पानाचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला. भिंतीला धरत बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले.

"धोंडस कोणी केल्यान?"

"मिया," मावशी म्हणाल्या.

"काकडी खय?"

"घालूक नाय," म्हणत मावशींनी वड्या कापून ताटलीत दिल्या.

"गूळ पण नाय," बाबा कुरकुरले. तोवर दुसरी वडी अर्धी झाली होती. दीप्ती ताटलीकडे बघत होती. आता फक्त कुणी ओट्सचं नाव काढू नये.

"ओट्स आसत ते, काकानू," मावशींनी सरळ सांगून टाकलं.

दीप्तीने मावशींकडे डोळे वटारले. बाबांनी वडी उलटीपालटी करून पाहिली, खालचं पान सोललं.

"मग तळाचो कोपरो दी," ते म्हणाले. "खरपूस आसा तो."

दीप्तीने कोपरा वाढला. मावशींचे आभार मानावेत म्हणून ती वळली. मावशी केव्हाच पंख्याखाली बसून फरसबीच्या शिरा काढत होत्या.