भिंतीतलं बीळ

आमचे हे गवंडी. कापडे गावच्या बौद्धवाडीत यांच्या हाताला नाव होतं. गिलावा असा, की भिंतीवरून नख फिरवलं तरी कुठे अडकायचं नाही. मी यांच्या पाठीमागे फिरवून बघायची, कारण नवऱ्याचं कौतुक तोंडावर करायची मला सवय नाही. ऐंशीच्या सुमाराला एका ठेकेदाराने महाड-पोलादपूरचे गवंडी गोळा केले आणि आगगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर नेले. तिथे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. आत जायला यांना फोटोचा बिल्ला मिळाला. सुट्टीत हे तो बिल्ला लावून महाडच्या बाजारात फिरायचे. मीही कमी नव्हते, चार पावलं मागून लोक बघतात की नाही ते बघत चालायची.

एका वर्षी जयंतीला आले ते गप्प. ताटात भात तसाच. सुक्या बोंबलाचं कालवण केलं, तरी तसाच. "आजारी हाव का?" विचारलं तर "काय नाय गो." असल्या उत्तराचा मला भारी राग येतो. दोन दिवस मी भांडी आपटत होते.

जयंतीसाठी घर सारवायचं होतं. चुलीमागच्या कोपऱ्यात उंदराने बीळ पाडलं होतं. म्हटलं, बसलाच आहात तर तेवढं बुजवा. यांनी माती कालवली, थापी घेतली आणि असं सुरेख लिंपलं, की बीळ कुठे होतं ते मलाही सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उंदीर तिथूनच बाहेर.

"अवो, गवंडी ना तुम्ही?" मी सुरू झाले. "आत पोकळ ठेवलंत आणि वरून तोंड रंगवलंत. दिसायला गुळगुळीत झालं म्हणजे बुजलं काय?"

मी काही जगावेगळं बोलले नव्हते, आमच्यात हे रोजचंच. पण हे थापी बाजूला ठेवून खालीच बसले आणि सांगायला लागले.

तिथे एक भिंत ओतली होती, आमच्या पडवीएवढी जाड. काँक्रीट तळाशी नीट दाबलं गेलं नाही. साच्याच्या फळ्या काढल्या तर खाली मधाच्या पोळ्यासारखी भोकं. तिथला नियम असा, की भोक दिसलं तर हात लावायचा नाही, तपासणीच्या साहेबाला बोलवायचं. पण आमच्याकडचा गवंडी आपल्या भिंतीचं भोक दुसऱ्याला दाखवतो होय? लाजेने मरेल. थापी हातात होती, घमेल्यात माल होता. कोणी सांगितलं नव्हतं, यांनी आपणहून लिंपलं. सकाळी साहेब आला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, काम छान झालंय.

"मग झालं की," मी म्हटलं. "कोणाला कळणार हाय?" खरं तेच सांगते, मी असं म्हटलं. तो बिल्ला माझ्या डोळ्यांसमोर होता.

"मागनं सायबानं आम्हाला बसवून समजावलं," हे म्हणाले. "आत जे असतं त्याला वास नाय, रंग नाय. बाहेर आलं तरी माणसाला कळत नाय. ती भिंत हाय तीच राखण."

मी पहार घेतली आणि कोपऱ्यातलं ते सुरेख लिंपण फोडलं. बिळात हात घातला तो कोपरापर्यंत गेला. मग काचा आणि खडी आत भरत मुसळाने ठेचायला लागले. हे शेजारी बसून खडी देत होते. ठेचता ठेचता मी विचारलं, "तिकडे जवळपास गाव हाय?"

"हाय. बाया आमच्या नळावर पाणी भरायला येतात. कडेवर पोरं घेऊन."

मी मुसळ खाली ठेवलं. "जावा आणि सांगा."

"काम जाईल गो."

"जाऊ दे. जेवत तर नाय तुम्ही. असलं काम ठेवून करायचं काय?"

जयंतीची मिरवणूक झाली आणि दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून एसटीने हे गेले. मग महिनाभर पत्र नाही. पकडून नेलं की काय, या भीतीने माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि भीती वाटली की मी चिडते. वाडीतल्या एकाही बाईशी मी त्या महिन्यात धड बोलले नाही.

पेरणीआधी मी शेतात पालापाचोळा पसरून राब भाजत होते, तेव्हा हे बांधावरून पिशवी घेऊन येताना दिसले. छातीवर बिल्ला नव्हता. मी काही विचारायच्या आधी यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि कोपराला बोट लावलं.

"एवढं खोल निघालं," म्हणाले. "दोन सळ्या उघड्या, गंज धरलेल्या."

साहेबाने भिंत तिथे फोडायला लावली होती. आठ दिवस यांनीच छिन्नीने फोडली आणि साहेबासमोर पुन्हा भरली. त्यानंतर ठेकेदाराने घरचा रस्ता दाखवला. फाटकावर बिल्ला परत देताना साहेब तिथे आला आणि त्याने यांचा हात हातात घेतला. ते सांगताना हे आपल्या तळव्याकडेच बघत होते. त्या दिवशी यांनी तीनदा भात मागून घेतला. मला इतकं बरं वाटलं, की मी तोंडावर बोलून दाखवलं.

पुढे महाड-पोलादपुरात यांना कामाची कधी ददात पडली नाही. गिलावा चढवण्याआधी घरमालकाला उघडी भिंत हाताने चाचपायला लावायचे, "आधी आतलं बघा, मग मी झाकतो." लोक यांना अणुभट्टीवाले म्हणून चिडवायचे आणि घर बांधायला यांनाच बोलवायचे. बिल्ल्याची आठवण मला यायची, नाही कशाला म्हणू. पण ते दिवस सुखाचे गेले.

काही वर्षांनी रेडिओवर बातमी आली, परदेशात एका अणुवीज केंद्रात स्फोट झाला. वाडीतली माणसं आमच्या अंगणात जमली. एकाने विचारलं, "काका, तुमची भिंत ठीक हाय ना?"

"माझी भरलेली हाय," हे म्हणाले, आणि सगळे निश्चिंत होऊन घरी गेले.

जेवणं झाल्यावर मी यांच्या हातावर पाणी घालत होते, तेव्हा हे हळूच म्हणाले, "बाजूच्या भिंती मी नाय बांधल्या गो. तिथंपण माझ्यासारखे चांगल्या हाताचेच गवंडी होते."