मोतीरामचे शंभर मीटर

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. पत्नीलाही नाही — आणि तिला तर मी शाळेत खडू हरवला तरी सांगत असे. लेखनाची मला सवय नाही. लोक आवराआवर करतात त्या वयात मी आरंभ करतो आहे. वाक्य कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे, असे लिहिणार होतो. पण नको. सांभाळून घेण्याजोगे यात काही नाही.

बालाघाटच्या एका शाळेत मी गणित शिकवत असे. गज जाऊन मीटर येत होता, ते दिवस. बाजारात लोक नव्या पैशांत भाव ऐकत आणि आण्यांत भांडत. नव्या मापांचा प्रचार शाळेकडे आला, आणि शाळेतून माझ्याकडे. मी सुताराकडून दोन काठ्या करवून घेतल्या, एक गजाची, एक मीटरची, आणि दोन्हींवर स्वतः तांबडे-पांढरे पट्टे रंगवले. आठवडी बाजारात त्या शेजारी-शेजारी उभ्या धरून मी जमेल तेवढ्या आवाजात सांगत असे की मीटर गजाहून चार बोटे मोठा. वांगी विकणाऱ्या बायका हसत. पण फरक त्यांना कळे. शेजारी-शेजारी धरल्यावर कुणाला कळणार नाही?

त्याच वर्षी जिल्ह्याच्या शर्यती प्रथमच मीटरांत घ्यायचे ठरले. मैदान आखण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. इथे माझा स्वभाव सांगितला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या देखत काठी घेऊन मैदानावर ओणवे सरकत जायचे — या कल्पनेनेच मला घाम फुटला. म्हणून मी भल्या पहाटे, कुणी उठण्याआधी गेलो. शाळेच्या कोपऱ्यातली काठी अंधारातच उचलली, माप घेतले, चुन्याच्या रेघा ओढल्या आणि घरी येऊन पुन्हा अंथरुणात शिरलो. मोठ्या समाधानाने.

शंभर मीटरांत मोतीराम धावला. हा वारासिवनीच्या राईस मिलमध्ये पोती उचलणारा तरुण, शेतकऱ्याच्या घरचा, अनवाणी. तो असा धावला की वेळ मोजणाऱ्या डॉक्टरांनी घड्याळ दोनदा कानाला लावून पाहिले. देशातल्या नामवंतांच्या पंगतीत बसावी अशी वेळ होती. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. त्याची बायको कौसल्या ओरडत होती, "अरे, पाडू नका त्याले! उद्या मिलमध्ये जायचं हाय!"

संध्याकाळी मी काठी जागेवर ठेवायला गेलो. कोपऱ्यात दुसरी काठी उभी होती. माझ्या हातातल्या काठीहून चार बोटे उंच.

समजले ना? मोतीराम शंभर गज धावला होता. जवळजवळ नऊ मीटर मीच खाल्ले होते.

मी लगेच निघालो, हे खरे आहे. क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे वकीलसाहेबांकडे गेलो. दारातच त्यांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला. पेढा तोंडात असता कबुली कशी द्यावी? तो गिळून होईतो दुसरा आला. तोवर वकीलसाहेबांचा बेत सांगून झाला होता. परदेशांत म्हणे थोर धावपटूंच्या सन्मानार्थ राष्ट्रीय दालने असतात. मग आपल्या देशाचे दालन बालाघाटात का नसावे? "दिल्लीले सुचेपर्यंत आपण काहून थांबावं, मास्तर?"

मी थांबा म्हणालो नाही.

मंडळाच्या कॅरमच्या खोलीला 'राष्ट्रीय धावपटू कीर्तिदालन' अशी पाटी लागली. वर्तमानपत्रांतून कापलेली देशातल्या मोठमोठ्या खेळाडूंची चित्रे चौकटींत बसली. चौकटवाल्याने एका भालाफेकपटूचा भालाच कापून टाकल्यामुळे तो कुणाला तरी दरडावतो आहे असे वाटे. आणि मधोमध मोतीराम! स्टुडिओत, रंगवलेल्या तळ्यापुढे, एक पाय उचललेला. तो पाय खाली येऊ नये म्हणून फोटोग्राफरने त्याला इतका वेळ तिष्ठत ठेवले होते की चेहऱ्यावर जिद्दीऐवजी केवळ सोशिकपणा उमटला. चित्राखालचा मजकूर लिहायला अक्षर माझे चांगले म्हणून मला सांगितले. मी लिहिले — 'शंभर मीटर'. वळणदार लिहिले. त्या वेळी तर तोंडात पेढा नव्हता.

मग मोतीरामला भोपाळहून निवडीच्या शर्यतीचे बोलावणे आले. निवड झाली तर नोकरी मिळणार होती, पोती सुटणार होती. स्टेशनवर त्याने वाकून मला नमस्कार केला. मी त्याला काय दिले? सोबत खायला चिवडा.

भोपाळात तो शेवटून दुसरा आला.

गावाने कारणे शोधली. कुणी म्हणाले, स्टेशनवरच्या पुऱ्या बाधल्या. कुणी म्हणाले, मंडळाने दिलेले बूट चावले. कुणी दृष्ट काढा म्हणाले. मोतीराम वकीलसाहेबांच्या ओसरीवर खाली मान घालून बसला होता. कौसल्या तिथे तावातावाने म्हणाली, "त्या भोपाळवाल्याईचं मैदानच लांब असन!" सगळे खो-खो हसले. मीही हसलो. बहुधा सर्वांत मोठ्याने.

मोतीराम मात्र हसला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, तुम्ही शिकले-सवरले. सांगा मले, माह्या पायाले का झालं?"

आजची कबुली खरी ती इथली आहे. काठी चुकली ती झोपेत चुकली. हे मात्र मी पूर्ण जागेपणी केले. घसा साफ करून मी म्हणालो की मोठ्या शहरात परक्यांपुढे कित्येकांचे अवसान गळते. हे शास्त्रसिद्ध आहे. त्यात पायांचा दोष नसतो, मनाचा असतो. इतके सलग मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. मोतीरामने मान डोलावली. "हौ. तसंच असन."

त्यानंतर तो कधी धावला नाही. भोपाळात तो बालाघाटाइतक्याच वेगाने धावला होता, हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता, आणि तो त्याच्या शेजारी बसून चहा पीत होता.

पुढे पाटी उतरली, कॅरम परत आला. चित्रे मात्र भिंतीवर राहिली. बाजाराला आला की मोतीराम खोलीत डोकावे. केस पिकू लागल्यावरही. एकदा मी तिथेच होतो. पोती वाहून वाकलेल्या मानेने तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला.

"हा पोरगा चांगला धावे, गुरुजी," तो हसून म्हणाला. "भोपाळले जो गेलता, तो मात्र मी होतो."

मी पुढे झालो आणि चौकट सरळ केली. ती वाकडी नव्हती.