खूण असलेली गाठ

गल्लीच्या तोंडाशी भाऊंचं केशकर्तनालय. कात्रीपेक्षा भाऊंची जीभ जास्त चालते, असं गिऱ्हाइकं म्हणत. एकदा दाढी करताना त्यांचा डावा हात ऐकेनासा झाला. तपासणीत मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, किरणोपचार झाले, तरी गाठीनं पुन्हा डोकं वर काढलंच.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर भूगोलाचे मास्तर होते. दुखणं तेच. नव्या उपचाराची माहिती त्यांनीच शोधून आणली. आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेर काढायच्या, गाठ ओळखायला शिकवायच्या आणि परत अंगात सोडायच्या.

भाऊ म्हणाले, "मास्तर, मला नको असले प्रयोग."

"माझ्यासाठी चल. एकट्याला भीती वाटते."

दोघांच्या गाठींचे तुकडे तपासले गेले. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "शिकवलेल्या पेशी एका खुणेवरून गाठ हेरतात. ती खूण भाऊंच्या गाठीवर आहे, मास्तरांच्या नाही. त्यांना याचा उपयोग व्हायचा नाही."

मास्तर हसले. "जन्मभर पोरांना नकाशावरच्या खुणा दाखवल्या, आणि माझ्याच नकाशात खूण नाही!"

भाऊंना ते हसणं बाभळीच्या काट्यासारखं रुतलं.

शिकवलेल्या पेशी अंगात सोडल्यावर आधी भाऊंना सडकून ताप भरला, पण नंतरच्या स्कॅनमध्ये गाठ आकसलेली दिसली. बायको आनंदानं रडली. भाऊंना मात्र मास्तरांचं ते हसणं आठवलं. तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. "काय रे, काय म्हणतोय स्कॅन?"

"आहे तसंच आहे," भाऊ बोलून गेले.

त्यानंतर ते मास्तरांचे फोन टाळू लागले. शेवटी मास्तरांच्या पत्नीनंच फोन केला. "भाऊ, यांची दाढी फार वाढलीय. परक्याला हात लावू देत नाहीत. याल का?"

भाऊ सामान घेऊन गेले. मास्तर निम्मे उरले होते, जिभेवर शब्द अडखळत होते. गालाला साबण लावता लावता भाऊंना राहवलं नाही. "मास्तर, मी खोटं बोललो. गाठ लहान झालीय."

मास्तरांचे डोळे रागानं भरून आले. "मूर्खा! एवढी एकच चांगली बातमी होती माझ्या वाट्याची... तीही दाबून ठेवलीस?"

दाराशी उभ्या असलेल्या वहिनी तोंड फिरवून आत गेल्या. भाऊंनी उजव्या हातानंच दाढी पुरी केली, चेहरा कोमट पाण्यानं पुसला.

"पुढच्या वेळी फोटो घेऊन ये स्कॅनचे," मास्तर म्हणाले.

भाऊ फोटो घेऊन गेले, तेव्हा मास्तरांची नजर स्थिरावत नव्हती. भाऊंनी त्यांचं बोट धरून फोटोतल्या गाठीच्या जागेवरून फिरवलं. महिन्याभरात मास्तर गेले.

भाऊंचा डावा हात पुन्हा चालू लागला. तब्येत विचारली की ते "बरं आहे" म्हणतात, आणि म्हणताना त्यांची मान खाली जाते.