दिगूदादाचं दुसरं मशीन

भोपाळहून विनयचा फोन आला तेव्हा मी दाढीला साबण लावून बसलो होतो. "काका, पहाटे बाबा आपल्याला सोडून गेले," तो म्हणाला. अशा वेळी धीराचे दोन शब्द बोलावेत एवढी अक्कल ऐंशी उलटलेल्या माणसाला असायला हरकत नाही. पण माझ्या तोंडून निघालं, "मग यंदा गोफाचं कसं?" विनय रडता रडता हसला. "बाबांनीही हेच विचारलं असतं, काका."

दिगूदादा म्हणजे दिगंबर. उज्जैनच्या माधव नगरात आमच्या समोर राहायचा, माझ्याहून आठेक वर्षांनी मोठा. मध्य भारत सरकारच्या कचेरीत कारकून, आणि कचेरी सुटली की लाऊडस्पीकरवाला. त्याच्याकडं चावीचे दोन ग्रामोफोन होते. दोन कशाला, तर आमच्या मराठी गणपतीतल्या गोफासाठी. वर कड्याला बांधलेल्या आठ रंगीत दोऱ्या, खाली आठ मुली. एका तालात फिरत गोफ विणायचा आणि मग उलटं फिरून सोडवायचा. पण रेकॉर्ड तीन मिनिटांत संपते, म्हणजे जेमतेम विणून होईस्तोवर. म्हणून त्याच सनईची दुसरी रेकॉर्ड दुसऱ्या मशिनावर तयार ठेवायची, आणि पहिली संपता संपता ती अशी सोडायची की मुलींचा पाय अडखळता कामा नये. ताल चुकला की अर्ध्या मुली उलट्या वळतात, अर्ध्या पुढंच जातात, आणि गोफाची गाठ होते.

ज्या वर्षी मध्य भारत राज्य जाऊन नवा मध्य प्रदेश होणार होता, त्या पावसाळ्यात घरोघरी एकच विषय होता... कोणाची बदली भोपाळला? दिगूदादाचं नाव यादीत लागलं. तो मला म्हणाला, "बाळ्या, हा दोन रेकॉर्डींचा जोड तू शिकून घे. जमला तर गोफ चालू राहील. नाही जमला तर मशिनं विकून टाकतो, गोफ खतम." मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो, त्यामुळं जगातलं सगळं मला येत होतं. पहिल्याच दिवशी चावी इतक्या जोशात भरली की स्प्रिंग तुटली.

दिगूदादा रेकॉर्डीखाली पतंगाच्या कागदाची गोल चकती घालायचा. खाली तबक फिरत राही, वर रेकॉर्ड बोटानं धरून ठेवता येई. समेवर बोट उचललं की ती सुटे. पण दोन मशिनांची चाल कधी सारखी नसते. म्हणून दुसऱ्याचा आवाज स्पीकरवर न सोडता नुसता सुईपाशी कान न्यायचा. तिथं सनई मच्छराएवढी बारीक ऐकू येते. पायानं पहिल्या रेकॉर्डीचा ठेका धरायचा, कानानं दुसरी ऐकायची, आणि वेगाचा काटा हळूहळू सरकवून दोन्ही एक करायच्या. माझा पाय मात्र दर वेळी कानामागं निघून जायचा. "अरे भिया," दिगूदादा कपाळावर हात मारून घ्यायचा, "पाय तुझाच आहे ना, का किरायानं आणलाय?"

गोफाच्या संध्याकाळी तो मुद्दाम मशिनांपासून लांब, पहिल्या रांगेत जाऊन बसला. माझ्यावर भरवसा आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून. आणि मी काय केलं? हिरवी दोरी नलूच्या हातात होती. मी सनई सोडून नलूची पावलं बघत बसलो. लोकांपुढं मुली जरा घाईतच नाचतात. माझा पाय नलूच्या पायामागं पळाला, काटाही मी तितकाच पुढं सारला, आणि मोठ्या ऐटीत बोट उचलून स्पीकरचा खटका ओढला. नवी सनई दौडतच आली. चार मुली इकडं, चार तिकडं, आणि मधोमध माझ्या अब्रूची आठपदरी गाठ. मांडवात हशा पिकला. मला वाटलं, विकली मशिनं... गोफ संपला, तोही माझ्या हातून.

दिगूदादा उठला. स्टुलावर चढून एकेक दोरी सोडवू लागला, आणि वरूनच लोकांना म्हणाला, "बसा हो, चाय पिऊन घ्या तोवर." मग माझ्याजवळ आला. मशिनांना त्यानं हात लावला नाही.

"कोणाचे पाय बघत होतास?"

"...नलूचे."

"बघ ना, मी कुठं नाही म्हणतो? पण जोड होईस्तोवर डोळे मिट. चल, फिर से. तूच लाव."

तो पाठीमागं हात बांधून उभा राहिला. मी डोळे घट्ट मिटले. आठही दोऱ्या मोकळ्या झाल्यात हे मला टाळ्यांवरून कळलं. (नलू पुढं माझी बायको झाली. पहिल्या गाठीची गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते, दुसऱ्या वेळची विसरते.)

भोपाळला निघताना दिगूदादा देवास गेटवर बसमध्ये बसला तेव्हा एक मशीन त्याच्या मांडीवर होतं. "एक तुझ्याकडं, एक माझ्याकडं," खिडकीतून म्हणाला. "एकानं जोड होत नाही, म्हणजे मला यावंच लागेल." आणि तो आला. दर गणपतीला, मशीन मांडीवर घेऊन, पार म्हातारा झाला तरी. पुढं मांडवात कॅसेटी आल्या, डीजे आले. गोफ मात्र आमच्या मशिनांवरच राहिला. माझा कान तर इतका तयार झाला की त्याचं मशीन आलं की जोड पहिल्या फटक्यात, काट्याला हात लावायची गरजच नाही! हे मी उभ्या उज्जैनला ऐकवलं. नात मुक्ता म्हणाली, "आजोबा, याला बीटमॅचिंग म्हणतात, लोक क्लास लावतात." मी म्हटलं, लावू देत बिचारे. दिगूदादा बशीत चहा ओतून घेत नुसता हसायचा.

गेल्या आठवड्यात विनय ते मशीन घेऊन आला. चकती तशीच, कडेला जरा फाटलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्या वेगाचा काटा नीट पाहिला. नेहमीच्या आकड्याच्या बराच पुढं होता, आणि तिथं शेंदराचा बारीक ठिपका.

"काटा सरकलाय रे प्रवासात."

"नाही काका," विनय जरा अवघडला. "तुमच्याकडचं मशीन जोरात धावतं ना? बाबा निघायच्या आधी काटा तिथं आणून ठेवायचे. दर वर्षी. म्हणायचे, बाळ्याला सांगू नकोस."

स्वयंपाकघरात नलूच्या हातातलं भांडं थांबलं. मग ती जी हसत सुटली...

आता दोन्ही मशिनं एकाच टेबलावर आहेत. यंदाचा जोड मुक्ता करणार आहे. परवा तिनं पहिल्यांदाच बोट उचललं आणि सनईत सनई मिसळून गेली. पोरगी उड्या मारायला लागली, "आजोबा, मी काट्याला हातसुद्धा लावला नाही!"

मी शेंदराच्या ठिपक्याकडं पाहिलं.

"कान तयार आहे तुझा," म्हटलं.